राष्ट्रीय डीएनए बँक : कोणते आक्षेप टिकतात?

२४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक लोकसभेतून मागे घेतलं. २००७ चा पहिला मसुदा, २०१२ आणि २०१५ मधल्या सुधारित आवृत्त्या, विधी आयोगाचा २०१७ मधला २७१वा अहवाल, जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेची मंजुरी, निवडणुकीमुळे विधेयक व्यपगत होणं, जुलैमध्ये ते पुन्हा मांडलं जाणं आणि शेवटी संसदीय स्थायी समितीचा फेब्रुवारी २०२१ चा अहवाल, असा सोळा वर्षांचा प्रवास करून ते निमूटपणे परत गेलं. राष्ट्रीय डीएनए बँकेच्या विरोधकांना हा आपला विजय वाटला असेल, तर त्यांनी सरकारने दिलेलं कारण वाचावं. यातल्या बहुतेक गोष्टी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ मध्ये आधीच आल्या आहेत, असं ते कारण आहे. म्हणजे पुढच्या दारावर पहारा चालू असताना बँक मागच्या दाराने घरात आलेली होती.

हा कायदा ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. त्याने १९२० चा इंग्रजी अमदानीतला कैदी ओळख कायदा रद्द केला. जुन्या कायद्याचा भर बोटांचे ठसे, पावलांचे ठसे आणि छायाचित्र यांवर होता. नव्यात बुबुळांचं स्कॅन आलं, सही आणि हस्ताक्षर आलं, आणि ‘जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण’ही आलं. डीएनए हा शब्द तिथे लिहिलेला नाही, पण रक्ताचं आणि लाळेचं विश्लेषण ओळख पटवण्यासाठी करायचं तर दुसरं काय करणार? या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतील. शिक्षा झालेला तर यात येतोच, पण अटक झालेला आणि प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेलाही येतो. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असेल तर ही सवलत नाही. आता ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाला ही सवलत कोण समजावून सांगणार, हे ज्याने पोलीस ठाणं आतून पाहिलंय त्याला विचारावं. पुन्हा, मोजमाप द्यायला विरोध करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मागे घेतलेल्या विधेयकात निदान एक नियामक मंडळ होतं, प्रयोगशाळांना मान्यतेची अट होती, माहिती फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. २०२२ च्या कायद्यात यातलं काहीच नाही. विरोधकांच्या पदरात पडलं ते असं, जे नको होतं त्याहून वाईट.

म्हणून आक्षेपांचा हिशेब नव्याने मांडायला हवा. सगळ्यांचं वजन सारखं नाही. काही ऐकायला भयंकर पण तपासल्यावर पोकळ निघतात, काही खरे आहेत पण दुरुस्त करता येण्याजोगे आहेत. एक मात्र असा आहे, की तो कुठल्याही दुरुस्तीने जात नाही, आणि महाराष्ट्राला त्याची ओळख इतरांपेक्षा जास्त असायला हवी.

पोकळ आक्षेप आधी बाजूला काढतो. ‘सरकारकडे तुमची सगळी कुंडली जाणार’ हे वाक्य सभांमधून टाळ्या घेतं, पण ते अर्धंच खरं आहे. तपासात वापरली जाते ती डीएनए प्रोफाइल म्हणजे आकड्यांची एक छोटी यादी असते. गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागी अक्षरांचा एखादा छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आला आहे, एवढंच मोजायचं. प्रत्येक जागेचे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. अमेरिकेत पूर्वी अशा १३ जागा तपासत, २०१७ पासून २० तपासतात. म्हणजे सगळी मिळून चाळीसेक आकड्यांची यादी. तिच्यावरून तुमचा स्वभाव, बुद्धी किंवा उद्या होणारा मधुमेह वाचता येत नाही. ते सगळं असतं मूळ नमुन्यात, म्हणजे शीतपेटीत ठेवलेल्या रक्ताच्या थेंबात किंवा गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीवर. म्हणून खरा प्रश्न नमुन्याचं पुढे काय होतं, हा आहे. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने प्रोफाइल तयार झाल्यावर सहा महिन्यांच्या आत नमुना नष्ट करणं बंधनकारक केलं. आपल्या २०२२ च्या कायद्यात नमुन्याच्या मुदतीबद्दल वेगळं कलम नाही. कुंडलीची भीती घालणाऱ्यांनी त्यापेक्षा हे एक कलम मागितलं असतं तर उपयोग झाला असता.

बँकेच्या बाजूचं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. लेस्टरच्या विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती सापडली. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे बलात्कार करून खून झाले होते. पोलिसांनी एका सतरा वर्षांच्या मुलाला पकडलं आणि त्याने एका खुनाची कबुलीही दिली. जेफ्रीजनी तपासणी केली तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे ठरले, आणि तो माणूस कबुली देणारा मुलगा नव्हता. डीएनएने गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा काही केलं असेल, तर एका निरपराध पोराला सोडवलं. त्यानंतर आसपासच्या सुमारे ५,००० पुरुषांचं रक्त घेतलं गेलं. खरा खुनी सापडला नाही, कारण त्याने आपल्या जागी कामावरच्या एका सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. हे त्या सोबत्याच्या तोंडून एका दारूच्या गुत्त्यात बाहेर पडलं, कोणीतरी पोलिसांना कळवलं आणि १९८७ मध्ये कॉलिन पिचफोर्क पकडला गेला.

बँकेचे समर्थक ही कथा नेहमी सांगतात, पण तिच्यात बँक कुठेच नाही. तपासणी आहे, संशयित आहे, पुरावा आहे, साठवण नाही. एका गुन्ह्यात एका संशयिताचा डीएनए घटनास्थळाच्या डीएनएशी ताडून पाहणं याला या लेखाचा विरोध नाही आणि कुठल्याही शहाण्या माणसाचा नसावा. २००५ च्या दुरुस्तीने आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची सोय झाली आणि आता ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. बँक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे माणसाची नोंद आधी होते आणि गुन्हा नंतर येतो. तपासणीने झालेली सगळी पुण्याई बँकेच्या खात्यावर जमा करायची, ही समर्थकांची सवय आहे. खुद्द जेफ्रीज यांनीही निरपराधांची प्रोफाइलं पोलिसांनी साठवण्यावर पुढे जाहीर टीका केली.

बँकेत कोण येतं, हा तो न जाणारा आक्षेप. ब्रिटनची बँक एप्रिल १९९५ मध्ये सुरू झाली. २००१ च्या कायद्याने निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी ठेवायला परवानगी मिळाली, २००३ च्या कायद्याने नुसत्या अटकेवर नमुना घेण्याची. सहा-आठ वर्षांत दंडितांची यादी अटक झालेल्यांची यादी झाली. आणि अटक कोणाला होते, हे गुन्हा कोण करतं यापेक्षा पोलीस कोणाकडे पाहतात यावर जास्त ठरतं. २००९ मध्ये ब्रिटनच्याच मानवी जनुकशास्त्र आयोगाने नोंदवलं, की १८ ते ३५ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक त्या बँकेत होते. अशा बँकेत शोध घेतला की जुळणी साहजिकच त्यांच्यातून निघते. ती जुळणी पोलिसांच्या मूळ समजाला पुरावा म्हणून परत मिळते. मग पुढच्या वेळी अटकही तिथेच.

तिथला हा डाव मोडला तो शेफील्डच्या दोघांनी. एक जण अटकेच्या वेळी अकरा वर्षांचा होता आणि जबरी चोरीच्या प्रयत्नातून निर्दोष सुटला होता. दुसऱ्यावर जोडीदाराने छळाची तक्रार केली होती, पण समेट होऊन खटला मागे घेण्यात आला. दोघांनी नोंदी पुसायला सांगितलं, पोलिसांनी नकार दिला. ४ डिसेंबर २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की दोषी न ठरलेल्यांची प्रोफाइलं सरसकट आणि बेमुदत साठवणं हे खासगी आयुष्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. त्यानंतर २०१२ च्या कायद्याखाली सतरा लाखांहून अधिक प्रोफाइलं पुसली गेली. घटनास्थळाचे नमुने बँकेशी जुळण्याचं प्रमाण त्यामुळे घसरलं नाही. जीनवॉच या संस्थेने त्याआधीच गृहखात्याच्या आकड्यांवरून दाखवलं होतं, की बँक जवळपास दुप्पट झाली त्या काळातही डीएनएमुळे उलगडलेल्या गुन्ह्यांचं प्रमाण हजारी तीन-चारवरच अडकलेलं होतं. उपयोग होतो तो घटनास्थळावरून चांगला नमुना उचलण्याचा. बँकेत आणखी माणसं भरण्याचा फारसा नाही.

आता हे चित्र इकडे आणून पाहा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारी ती नोंदवही होती. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा मिळाली, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी लागे. मुंबई इलाख्यात सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, आणि त्या वस्तीचं नाव गावाच्या तोंडी आजही तेच आहे. बोटांच्या ठशांचं शास्त्र पोलिसी कामात रुळलं तेही याच देशात: १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग उघडला. ओळख पटवण्याचं तंत्र आणि संशयितांची जातवार यादी ही दोन्ही इथे एकाच अमदानीत वाढली, हा योगायोग नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण लगोलग सराईत गुन्हेगार कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा त्यातलाच. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं कौतुकही झालं, पोलिसांच्या वहीवर त्याचा परिणाम झाला असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. गावात दरोडा पडला की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, ही ग्रामीण महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. उचललेल्यांपैकी बहुतेक पुढे पुराव्याअभावी सुटतात, पण अटकेची नोंद झालेली असते.

आणि आता त्या नोंदीला डीएनएची जोड. पुन्हा ती ७५ वर्षांची. वीस वर्षांच्या पोराची नोंद त्याच्या पंचाण्णव्या वर्षापर्यंत. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे, पण ‘सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर’, आणि त्यातही न्यायालयाला किंवा दंडाधिकाऱ्याला कारणं लिहून ती राखून ठेवता येते. आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. खटला संपायला दहा-बारा वर्षं लागतात तिथे ‘सगळे उपाय’ कधी संपणार? शिवाय पूर्वी एखादी शिक्षा झालेली असेल, मग ती कितीही किरकोळ असो, तर पुसण्याचा हा हक्कही उरत नाही. भटक्या-विमुक्तांत अशी जुनी किरकोळ शिक्षा नसलेलं घर शोधावं लागेल.

हे केवळ कार्यकर्त्यांचं म्हणणं नाही. २०२१ च्या स्थायी समितीने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की अशा माहितीचा वापर करून एखाद्या जातीचा किंवा समाजाचा संबंध चुकीने गुन्हेगारीशी जोडला जाऊ शकतो. संशयितांच्या आणि कच्च्या कैद्यांच्या प्रोफाइलांचे संच असावेत का, यावरही समितीत गंभीर शंका उपस्थित झाल्या. असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्याआधी, जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीत कायदेअभ्यासक उषा रामनाथन यांनी असहमती नोंदवली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवताना, विमुक्त जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ या व्याख्येत ओढण्याच्या प्रथेवरही कोरडे ओढले. पण न्यायालयाचा निकाल आणि ठाण्यातला रिवाज यांच्यात किती अंतर असतं, हे वेगळं सांगायला नको.

यावर काही सरळमार्गी लोक म्हणतात: मग सगळ्यांचाच डीएनए घ्या, म्हणजे भेदभावाचा प्रश्नच संपला. ही थट्टा नाही. इंग्लंडमधले अपील न्यायाधीश सर स्टीफन सेडली यांनी २००७ मध्ये गंभीरपणे हीच सूचना केली होती, देशात येणाऱ्या पाहुण्यांसकट. सूचना तर्काला धरून आहे आणि म्हणूनच तिचं उत्तर तर्कानेच द्यावं लागतं. इथे गणित आडवं येतं.

‘दहा लाखांत एक’ अशी जुळणीची शक्यता ऐकली की न्यायालयात सगळे गप्प होतात. पण ती शक्यता एका संशयितापुरती आहे. शंभर कोटी नोंदींची बँक चाळली, तर दहा लाखांत एक या हिशेबाने हजार जण जुळतील, आणि त्यातले निदान नऊशे नव्याण्णव निरपराध असतील. वीस जागा पूर्ण वाचता आल्या तर शक्यता याहून खूपच लहान होते, हे कबूल. मात्र घटनास्थळाचा नमुना पुष्कळदा अर्धवट, कुजलेला, दोघा-तिघांचा मिसळलेला असतो. त्यातून सात-आठ जागाच धड वाचता येतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या बँकेत हे मोजूनच झालं. ६५,४९३ प्रोफाइलं एकमेकांशी ताडून पाहिली, तर १३ पैकी ९ जागा जुळणाऱ्या १२२ जोड्या निघाल्या. एवढ्या नोंदींमधून सुमारे २१४ कोटी जोड्या लागतात, त्यामुळे गणितज्ञांना यात आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते वकिलांना, कारण नऊ जागा जुळणं म्हणजे अब्जांत एक, असं त्यांना तोवर ऐकवलं जात होतं.

भारतात या गणिताला आणखी एक गाठ आहे. ‘किती लाखांत एक’ हा आकडा काढताना माणसांची लग्नं साधारण सरमिसळ होतात, असं धरलेलं असतं. आपल्याकडे लग्न जातीत, पोटजातीत, आणि महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी. २०१७ मध्ये हैदराबादच्या के. थंगराज आणि इतरांनी दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ समूहांमध्ये मूठभर पूर्वजांपासून वाढ झाल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाल्या. अशा समूहात दोन माणसांचे आकडे जुळण्याची शक्यता देशभराच्या सरासरीवरून काढली, तर ती हमखास कमी दिसेल. जाणकार विश्लेषक त्यासाठी दुरुस्तीचे गुणक वापरतात. पण बलात्काराच्या गुन्ह्यांत कित्येकदा फक्त पुरुषाचं वाय गुणसूत्र तपासलं जातं, आणि ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. एकाच भावकीतल्या सगळ्या पुरुषांची वाय प्रोफाइल एकच येऊ शकते. निम्मं गाव एका आडनावाचं असताना ‘आरोपीशी जुळली’ या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा, हे किती सरकारी वकील न्यायालयाला समजावून सांगतात?

प्रयोगशाळेपर्यंत पोचायच्या आधीच पुरावा कसा विटतो, ही तर आपली जुनी दुखरी जागा. ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. न्यायालयाला काय दिसलं? तपास अधिकारी बदलत राहिले. नमुने घेतले, पण लगेच प्रयोगशाळेत पाठवले नाहीत. मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात, कशा स्थितीत होते, याची साखळी जुळत नव्हती. उशिराचं कारण कोणी देऊ शकलं नाही. नमुना दूषित झाला असण्याची शक्यता फेटाळता येत नाही, म्हणून डीएनए अहवाल बाजूला पडला. मुद्देमालाची खोली ज्याने पाहिली आहे त्याला हे वाचून धक्का बसणार नाही. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, त्याच कपाटात जप्त केलेल्या दारूच्या बाटल्या आणि गंजलेला कोयता, आणि कलिनाच्या प्रयोगशाळेत मुद्देमाल पोचवायला कोणी शिपाई मोकळा नाही म्हणून पडून राहिलेलं पाकीट. त्या मुलीच्या घरच्यांना न्याय मिळाला नाही, आणि जर तो माणूस खरोखर निरपराध असेल तर त्यालाही नाही. दोन न्यायालयांनी त्याला फासावर चढवायचं ठरवलं होतं.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच पाहिलं, पुन्हा एक फाशीचा कैदी सुटला, आणि या वेळी डीएनए नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंदवही ठेवण्याचे आदेश देशभरासाठी निघाले. म्हणजे बँकेच्या गप्पा सुरू झाल्यावर अठरा वर्षांनी पाकीट कोणी कोणाला दिलं ते लिहायला आपण शिकतो आहोत.

जर्मनीसारख्या काटेकोर देशातही घोळ होतात. तिथे आणि शेजारच्या देशांत १९९३ पासून चाळीसेक गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता, त्यात २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात झालेला एका महिला पोलिसाचा खूनही होता. तीन लाख युरोंचं बक्षीस लावलं गेलं. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला: तो डीएनए नमुने घेण्याच्या कापूसकाड्या पाकिटात भरणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या.

यापेक्षा वाईट गोष्ट कॅलिफोर्नियातली. २०१२ मध्ये तिथे एका भारतीय वंशाच्या उद्योजकाचा घरात घुसून खून झाला. मृताच्या नखांखाली सापडलेला डीएनए बँकेतल्या एका बेघर माणसाशी जुळला आणि तो पाच महिने तुरुंगात राहिला. खुनाच्या वेळी तो दारू पिऊन बेशुद्ध, रुग्णालयात दाखल होता. त्याला उचलून नेणारे आरोग्य कर्मचारी त्याच रात्री काही तासांनी खून झालेल्या घरी गेले होते. त्यांच्यामार्फत त्याचा डीएनए मृताच्या बोटांवर पोचला. या माणसाकडे रुग्णालयाची कागदपत्रं होती म्हणून तो वाचला. तो बँकेत नसता तर त्याच्यावर आळच आला नसता.

नातेवाइकांचा आक्षेप थोडक्यात सांगतो. डीएनए एकट्याचा नसतो. बँकेत भाऊ असला की तुम्ही अर्धेमुर्धे आत असताच. इंग्लंडमध्ये पुलावरून वीट टाकून ट्रकचालकाचा जीव घेणारा तरुण त्याच्या नातेवाइकाच्या नोंदीवरून सापडला आणि २००४ मध्ये त्याला शिक्षा झाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या खुन्याला, जो स्वतः माजी पोलीस निघाला, वंशावळ शोधणाऱ्यांच्या खासगी संकेतस्थळावरून गाठलं गेलं. दोन्ही ठिकाणचं यश निर्विवाद आहे. पण ज्यांच्यामुळे ते मिळालं त्या नातेवाइकांनी कधीच संमती दिलेली नव्हती, आणि अशा शोधातून घरातल्या ज्या गोष्टी बाहेर पडतात, बाप वेगळा, भाऊ सावत्र, त्या परत आत ढकलता येत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका घटस्फोटाच्या दाव्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाची डीएनए तपासणी नाकारली, ती याच जाणिवेने: आईबापांच्या भांडणात मुलाच्या ओळखीचा बळी द्यायचा नाही.

एका कामासाठी जमवलेली माहिती दुसऱ्या कामाला लागते, याचे दाखले जगभर आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत बलात्काराची तक्रार करताना एका बाईने दिलेला नमुना पोलिसांच्या प्रयोगशाळेने राखून ठेवला आणि पुढे तिलाच मालमत्तेच्या गुन्ह्यात पकडायला वापरला. २०२२ च्या सुरुवातीला हे उघड झाल्यावर तिच्यावरचा खटला मागे घ्यावा लागला. तक्रार करायला पुढे येणाऱ्या बाईला यातून काय शिकायला मिळालं? चीनने शिंजियांगमध्ये आरोग्य तपासणीच्या नावाखाली उइगुरांचं रक्त घेतलं. कुवेतने २०१५ च्या मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर नागरिक आणि पाहुणे सगळ्यांनाच डीएनए देण्याची सक्ती केली. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. केनियाच्या उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ओळख योजनेतून डीएनए वगळायला लावला. कुवेत आणि केनियाला जे जमलं, ते पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणणाऱ्या देशाला जड जाऊ नये.

माहिती फुटण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्याकडे ती फुटते हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीतून २०२३ मध्ये ६९ लाख ग्राहकांची माहिती गेली आणि २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. हा आक्षेप खरा आहे, पण कुलूप मजबूत केलं की तो निम्मा होतो. बँकेत कोण येतं, हा आक्षेप होत नाही.

एका ठिकाणी मी बँकेच्या बाजूने आहे. बेवारस मृतदेह आणि बेपत्ता माणसं यांच्यासाठी संच हवाच. मुंबईच्या लोहमार्गांवर दर आठवड्याला सापडणाऱ्या अनोळखी मृतदेहांना नाव मिळालं, तर कुठल्यातरी खेड्यातल्या घराला निदान वाट पाहणं थांबवता येईल. १९९१ मध्ये राजीव गांधी यांच्या हत्येच्या तपासात लालजी सिंग यांनी डीएनएवरून ओळख पटवली, ती या विद्येची इथली लखलखीत कामगिरी. पण हा संच गुन्ह्यांच्या यादीपासून पूर्ण तुटलेला, वेगळ्या संस्थेच्या हाती आणि नातेवाइकांच्या संमतीवर चालणारा असला पाहिजे. हरवलेल्या मुलासाठी लाळ देणाऱ्या बापाचा शोध चोरीच्या गुन्ह्यात लागता कामा नये.

बाकी बँकेबद्दल माझं मत सरळ आहे. गंभीर गुन्ह्यात अंतिम शिक्षा झालेल्यांपलीकडे एकाही माणसाची प्रोफाइल साठवू नये, नमुने तर कोणाचेच नाही. २०२२ चा कायदा यात बसत नाही आणि तो बदलला पाहिजे; त्याची घटनात्मकता न्यायालयांपुढे आव्हानाखाली आहेच. तोवर करण्याजोगी एक गोष्ट वकिलांच्या हातात आहे. कायद्याच्या चौथ्या कलमाखाली निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट व्हायला हवी, पण ती आपोआप झाली का हे तपासायला कोणी येत नाही. म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदाराची कागदपत्रं परत मागताना, त्याच अर्जासोबत नोंद नष्ट करण्याचा आणि तसं लेखी कळवण्याचा दुसरा अर्ज द्यावा. पालावरून आलेल्या अशिलाला तो सुचणार नाही. वकिलाने स्वतःहून लिहावा.